ऑक्सिजन एकच, टाक्या मात्र एक नव्हेत

बेळगावजवळच्या सांबऱ्याची विमानाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिच्या शेजारी हवाई दलाची प्रशिक्षण शाळा, अलीकडे तिथेच सुरू झालेलं वैमानिकांचं प्रशिक्षण, आणि तिकडे हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला परदेशी विमानांचे सुटे भाग घडवणारे कारखाने. त्यामुळे बेळगाव आणि भोवतालच्या मुलखात विमानावर बोलायला जाणती माणसं भरपूर आहेत. हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आहेत, उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतले, धातूचं ओतकाम करणारे फाउंड्रीवाले आहेत, गॅस एजन्सीवाले आहेत. अशी चार माणसं एकत्र आली की हल्ली एक वाद निघतोच. विमानात श्वासासाठी भरतात तो ऑक्सिजन खरोखर वेगळा असतो का? की लोखंड कापायच्या, म्हणजे कटिंगच्या, टाकीतला, दवाखान्यातला आणि विमानातला ऑक्सिजन एकच, आणि ‘विमानाचा’ हा शिक्का नुसता भाव वाढवण्यासाठी? एक बाजू म्हणते, इथल्याच प्लांटमधून विमानालाही पुरवठा होऊ द्या, उगाच बाऊ करू नका. दुसरी बाजू म्हणते, कारखान्याच्या ऑक्सिजनमध्ये विष असतं, तो हुंगला तर माणूस जागेवर राहणार नाही. मग शुद्धतेच्या टक्क्यांवरून खडाजंगी होते आणि घरी जाताना प्रत्येक जण आपलंच खरं मानून जातो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पहिली बाजू वायूबद्दल बरोबर आहे आणि तिचा निष्कर्ष धोक्याचा आहे. दुसऱ्या बाजूचा निष्कर्ष बराचसा योग्य आहे, पण तिने दिलेली कारणं टिकणारी नाहीत, आणि म्हणून ती दरवेळी वादात हरते. श्वासाच्या वायूत माणूस दगावतो तो बहुधा टाकीच्या पूर्वायुष्यामुळे: ती आधी कुठे होती, तिच्यात काय शिरलं, कोणत्या हातांनी ती भरली, आणि याची नोंद कोणी ठेवली. या प्रश्नावर भांडायला हवं होतं. आपण टक्क्यांवर भांडत बसलो आहोत.

आधी पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते पुरतं मान्य करू. हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन, अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आणि एक टक्क्याला किंचित कमी आरगॉन. मोठ्या प्लांटमध्ये ही हवा आधी धूळ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड काढून कोरडी करतात, मग थंड करत करत तिचा द्रव बनवतात. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आरगॉन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. उकळण्याच्या याच फरकावर तिघं वेगळे होतात. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत उद्योगात आणली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. प्लांटच्या आवारात द्रव ऑक्सिजनची एकच उभी टाकी असते. तिच्यातून पंपाने ओढून, वायू करून, काळ्या टाक्या कटिंगसाठी भरतात, पांढऱ्या खांद्याच्या टाक्या दवाखान्यासाठी. उणे १८३ अंशांच्या द्रवात बाष्प टिकत नाही, म्हणून तिथून निघणारा वायू कोरडाच असतो. ‘दवाखान्याचा ऑक्सिजन ओलसर, तो वर विमानात गोठेल’ ही समजूत साफ चुकीची आहे. रुग्णाला मिळणारा ओलावा खाटेजवळच्या पाण्याच्या बाटलीतून येतो. टाकीशी त्याचा संबंध नाही.

आकडेही पाहू. विमानातल्या श्वासाच्या ऑक्सिजनला किमान ९९.५ टक्के शुद्धता लागते, आणि लिटरमागे पाण्याचं प्रमाण ०.००५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑक्सिजनला ९९ टक्के पुरतात. स्टील कापायला तर चांगला शुद्धच ऑक्सिजन लागतो. शुद्धता एखाद्या टक्क्याने घसरली तरी कटिंगचा वेग पडतो, धार खराब येते आणि कटिंगवाला टाकी परत पाठवतो. म्हणजे कारखान्याचा ऑक्सिजन दुय्यम दर्जाचा, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं. परदेशात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवणारे आणि छोट्या खासगी विमानांचे मालक वर्षानुवर्षं वेल्डिंगच्या दुकानातून टाक्या भरून आणतात, आणि त्यातले बहुतेक सुखरूप उतरतात. शिक्क्याच्या नावाखाली भाव चढवले जातात, हेही खोटं नाही. इतकं सगळं मान्य केल्यावर उरतं काय?

उरते ती टाकी. उद्यमबागेत माझी बरीच वर्षं तपासणीच्या कामात गेली, तेव्हा कुठल्याही शेडमधली टाकी मी काय बघून ओळखतो ते सांगतो. मानेजवळ ठोकलेले आकडे असतात: टाकीचा नंबर, बनवल्याचं साल, पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या तारखा. त्यावर रंगाचे इतके थर चढलेले असतात की खिळ्याने खरवडल्याशिवाय तारीख वाचता येत नाही. काळ्याखाली कधी करडा दिसतो, म्हणजे ती एके काळी नायट्रोजनची होती. व्हॉल्व्हच्या आट्यांत काळपट मऊ काहीतरी बोटाला लागतं. ते ग्रीस असतं, कारण ज्या हाताने लेथ पुसला त्याच हाताने रेग्युलेटर बसवलेला असतो. आमच्याकडे हायड्रॉलिक्सचा धंदा मोठा. शेडमध्ये तेल कुठे नसतं? टाकी संपली की ज्योत विझेपर्यंत ओढतात आणि व्हॉल्व्ह उघडाच टाकून ती भिंतीला टेकवतात. रात्री टाकी गार होते, आतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत शिरते. जून-जुलैत बेळगावची हवा कशी असते हे सांगायला नको. हीच टाकी दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढून प्लांटला जाते आणि भरून येते.

आता या प्रत्येक गोष्टीचा श्वासाशी काय संबंध ते बघा. ऑक्सिजनच्या टाकीत दाब दीडशे बारच्या आसपास असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर पुढच्या नळीतला वायू एका क्षणात दाबला जातो आणि त्याचं तापमान शेकडो अंशांनी चढतं. तिथे ग्रीसचा बोटभर डाग असला तर ठिणगीचीही गरज उरत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेटतं, तेलापाठोपाठ रबर, आणि मग धातूसुद्धा जळू लागतो. आतून गंजलेल्या टाकीतले गंजाचे कण वेगाने वाकणावर आपटले तरी तेच होऊ शकतं. ओलावा शिरला असेल तर धोका वर गेल्यावर कळतो: छत्तीस हजार फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५६ अंश, आणि रेग्युलेटरच्या बारीक भोकातून वायू फैलावताना आणखी गार होतो. तिथे बर्फाचा कणभर खडा पुरतो. कटिंगच्या जोडणीत ऑक्सिजनची टाकी रिकामी पडली आणि ॲसिटिलीन चालू राहिलं तर ते उलटं वाहून ऑक्सिजनच्या नळीत घुसू शकतं, म्हणून तर जाणता वेल्डर उलटा प्रवाह अडवणारी झडप बसवल्याशिवाय गन पेटवत नाही. द्रव टाकीतून निघालेला ९९.७ टक्क्यांचा कोरडा वायू अशा टाकीत भरला, तर तिच्यातून निघेल तो वायू तसाच असेल का? प्लांटच्या दारात घेतलेल्या नमुन्याचं प्रमाणपत्र कितीही खरं असो, मास्कमध्ये येतं ते टाकीतून येतं.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा पहिल्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे. ग्लायडरवाले वाचले, आमचे वेल्डर वाचले, मग भीती कशाची? याचं उत्तर साधं आहे. जो ग्लायडरवाला सुखरूप राहिला, त्याच्याकडे बहुधा स्वतःची टाकी होती. तो तीच घेऊन जायचा, तीच भरून आणायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता. टाकीचं पूर्वायुष्य त्याला तोंडपाठ होतं. म्हणजे त्याचा अनुभव माझ्या बाजूने साक्ष देतो. आणि अपघात विरळ आहेत ते ज्यांनी या गोष्टींचा बाऊ केला त्यांच्यामुळे विरळ आहेत.

विमानांचा इतिहासच तपासू. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विमानतळावर डिसेंबर २००७ मध्ये एक प्रकार उघडकीला आला. क्वांटास कंपनीच्या विमानांचा ऑक्सिजन ज्या गाडीवरून भरला जात होता, ती गाडी नायट्रोजनची होती. जवळून जाणाऱ्या एका इंजिनिअरने सहज विचारलं, काय चाललंय? उत्तर आलं, ऑक्सिजन भरतोय. त्याने गाडी ओळखली, म्हणून ते थांबलं, आणि मग त्या गाडीने आधी हात लावलेली विमानं शोधून तपासावी लागली. सगळ्यात बोलकी गोष्ट पुढेच आहे. त्या गाडीची जोडणी विमानाच्या ऑक्सिजनच्या तोंडाला बसत नव्हती. बसू नये म्हणूनच ती वेगळी केलेली असते. कामगारांनी जोडणी बदलून ती बसवली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. काम अडलं, अडकलेलं काम सोडवायची हाताला सवय, आणि अडथळा हीच सूचना होती हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या शेडमध्ये असं जुगाड करणाऱ्या पोराला हुशार म्हणतात. मीही अशा पोरांचं कौतुक केलेलं आहे, आणि धातूच्या कामात ते योग्यही असतं. श्वासाच्या नळीवर ती हुशारी चालत नाही.

त्या गाडीतला नायट्रोजन अतिशय शुद्ध असणार. शुद्धतेची कुठलीही परीक्षा तो पास झाला असता. मग टक्क्यांच्या वादाने तिथे काय वाचवलं असतं? आणि नायट्रोजन हुंगणाऱ्याला कळतही नाही. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, तो तर नेहमीप्रमाणे उच्छ्वासातून बाहेर जात असतो. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. पस्तीस हजार फुटांवर केबिनचा दाब गेला तर वैमानिकाला विचार करायला अर्धा ते एक मिनिट मिळतो, त्याच्या आत मास्क तोंडावर चढून त्यातून खरा ऑक्सिजन यायला हवा. १८७५ सालच्या एप्रिलमध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच माणसं वर गेली होती. ऑक्सिजनयुक्त हवेच्या पिशव्या त्यांच्या डोक्याशी टांगलेल्या होत्या. नळीकडे हात न्यायचं ठरेपर्यंत हात हलेनासे झाले होते. दोघं मेले, एक जण उतरला. दीडशे वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं की वर गेल्यावर चूक सुधारायला वेळ नसतो. टाकीबद्दलची सगळी खात्री जमिनीवरच करून घ्यावी लागते.

११ मे १९९६ ची घटना याहून भयंकर. अमेरिकेत व्हॅल्यूजेट कंपनीचं एक विमान मायामीहून निघाल्यावर काही मिनिटांत दलदलीत कोसळलं, आतली सगळी एकशे दहा माणसं गेली. सामानाच्या कप्प्यात मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर खोक्यांत भरलेले होते. प्रवाशांच्या डोक्यावरून जो मास्क खाली पडतो त्याला पुष्कळ विमानांत टाकी नसतेच. सोडियम क्लोरेट भरलेला एक डबा असतो, मास्क ओढला की आत रासायनिक क्रिया पेटते, बारा-पंधरा मिनिटं ऑक्सिजन मिळतो आणि डब्याचं बाहेरचं अंग अडीचशे अंशांवर तापतं. ते डबे काढताना प्रत्येकाच्या चापावर एक संरक्षक टोपी बसवायची असते. टोप्या बसवलेल्या नव्हत्या. कागदावर मात्र बसवल्याच्या सह्या होत्या, आणि सोबतच्या कागदावर डबे ‘रिकामे’ असल्याचं लिहिलं होतं. ऑक्सिजनच्या गुणवत्तेत तिथे कणभर खोट नव्हती. खोट होती ती कागदात, आणि कागदावर विसंबून माल चढवणाऱ्याला आत काय आहे हे कळायची दुसरी सोयच नव्हती.

‘जितका शुद्ध तितका सुरक्षित’ हे दुसऱ्या बाजूचं आवडतं वाक्य. तिला मी १९६७ सालच्या २७ जानेवारीची आठवण देईन. अपोलोच्या पहिल्या यानाची जमिनीवर चाचणी चालू होती, केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने. कुठेतरी ठिणगी पडली आणि त्या आगीत तिन्ही अंतराळवीर दगावले. शुद्धतेनेच तिथे घात केला. आणि अमेरिकेच्या एफ-२२ लढाऊ विमानांचं काय झालं? त्यात टाकीऐवजी इंजिनाच्या हवेतून उडता उडता ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र आहे. वैमानिकांना भोवळ यायला लागली, २०११ मध्ये काही महिने सगळी विमानं जमिनीवर बसवली. वायूत विष आहे का, याचा कितीतरी काळ शोध चालला. अखेर बोट ठेवलं गेलं ते वैमानिकाच्या जाकिटाच्या एका झडपेवर: जाकीट नको तेव्हा फुगून छाती आवळत होतं आणि श्वास पुरेसा घेता येत नव्हता. मातब्बर तज्ज्ञांनाही वायूचाच संशय आधी येतो, तर आमच्या चौकातल्या माणसाला दोष कसा द्यायचा?

आता ‘सगळा ऑक्सिजन एकाच टाकीतून येतो’ या विधानाकडे परत येऊ, कारण २०२१ नंतर तेही पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. त्या वर्षी पीएम केअर्समधून देशभरात बाराशेहून अधिक प्लांट उभे राहिले ते द्रवीकरणाचे नव्हेत. त्यांत झिओलाइटचे खडे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. यातल्या डीआरडीओच्या प्लांटचं तंत्र तेजस विमानासाठी केलेल्या कामातून आलेलं, बंगळूरच्या प्रयोगशाळेतलं. वैमानिकासाठी केलेलं काम रुग्णांच्या कामी आलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण हे खडे आरगॉन अडवत नाहीत. म्हणून असा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास राहतो, थोडा इकडेतिकडे. रुग्णाला तो चालतो. यंत्रणा त्या हिशेबाने आखलेली असेल तर लढाऊ वैमानिकालाही चालतो. मात्र काँप्रेसरने टाकीत भरून ‘ऑक्सिजन तो ऑक्सिजन’ म्हणत ९९.५ टक्क्यांसाठी आखलेल्या विमानात चढवला तर चालत नाही. आणि बाहेरून दोन्ही टाक्या सारख्याच दिसतात. कुठला वायू कुठल्या रस्त्याने आला हे सांगणारी नोंद नसेल, तर ओळखणार कसं?

२०२१ च्या त्या एप्रिल-मेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २२ एप्रिलपासून मोजके उद्योग सोडून कारखान्यांचा ऑक्सिजन बंद झाला, कटिंग थांबलं, शेडमधल्या टाक्या दवाखान्यांकडे वळल्या. नायट्रोजनचे आणि आरगॉनचे टँकर साफ करून ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी मिळाली. कर्नाटकाचा कोटा रोज बाराशे टनांवर न्यावा, हा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. ते सगळं योग्यच होतं. माणूस तडफडत असताना टाकीचा जन्मदाखला कोण मागणार? पुढे काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा कारखान्याच्या ऑक्सिजनवर संशय घेतला गेला. तो संबंध काही सिद्ध झाला नाही. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही कारणं ठळकपणे पुढे आली. पण त्या वादातही पुन्हा वायूच आरोपी होता. टाक्या कशा धुतल्या, पाण्याच्या बाटल्या कोणी कशाने भरल्या, हे विचारणारे थोडेच. आणि संकट सरल्यावर करायला हवं होतं ते राहूनच गेलं: आणीबाणीत सैल केलेली गाठ परत आवळायला हवी होती. त्या दिवसांत ज्या टाक्यांनी बाजू बदलली त्यातल्या किती परत आपापल्या जागी गेल्या, हे सांगू शकेल असा माणूस मला भेटलेला नाही.

नोंद ठेवणं लहान प्लांटला झेपणार नाही, कागदपत्रांच्या ओझ्याखाली इथला माणूस मरेल आणि मोठ्या कंपन्यांचं फावेल, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. नियमाच्या नावाखाली छोट्याला चेपण्याचे प्रकार आपण पाहिलेत. पण हे सांगणाऱ्या माझ्या फाउंड्रीवाल्या मित्रांनी स्वतःच्या शेडकडे बघावं. तिथे भट्टीतून एक घाणा उतरला की त्याला हीट नंबर पडतो, धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचं रीडिंग त्या नंबरापुढे लिहिलं जातं, आणि तो नंबर कास्टिंगच्या अंगावर ओतलेला असतो. सहा महिन्यांनी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे एखादं कास्टिंग तडकलं, तर त्याच हीटमधली भावंडं कुठे गेली हे तासाभरात काढून देतात. हत्तरगीला तर एका ब्रॅकेटमागे धातूच्या दाखल्यापासून शेवटच्या मापापर्यंत फाइल असते. हे करणारी मुलं आपल्याच खानापूर, चिकोडी, निपाणी भागातली, आयटीआय शिकलेली. लोखंडाच्या तुकड्याचा इतका माग ठेवता येतो, तर माणसाच्या छातीत जाणाऱ्या वायूचा ठेवता येणार नाही? जुलै २००८ मध्ये क्वांटासच्याच एका जंबो विमानात एकोणतीस हजार फुटांवर ऑक्सिजनची टाकी फुटली, विमानाच्या अंगाला माणूस जाईल एवढं भोक पडलं. तीनशे पासष्ट जणांना घेऊन ते मनिलाला सुखरूप उतरलं. टाकी समुद्रात गेली, त्यामुळे ती नेमकी का फुटली ते कधीच कळलं नाही. पण तिचा नंबर आणि घाणा नोंदलेला होता, म्हणून त्याच घाण्यातल्या टाक्या शोधून त्यांची चिरफाड करता आली. नोंदीशिवाय तेवढंही जमलं नसतं.

तेव्हा इथल्या प्लांटने विमानाला ऑक्सिजन पुरवावा का? माझं उत्तर हो असं आहे, आणि ते अटीसह आहे. श्वासाच्या टाक्या वेगळ्या असाव्यात आणि त्या कायमच्या वेगळ्याच राहाव्यात. रंग बदलून त्यांची जात बदलता येऊ नये. टाकी थोडा दाब शिल्लक ठेवूनच परत यावी, आणि शून्यावर आलेली टाकी आतली हवा पूर्ण ओढून काढून, साफ करूनच भरली जावी. जोडणी बसत नसेल तर काम थांबवायचं, हे आयटीआयच्या वेल्डर-फिटरच्या पोरांना पहिल्याच वर्षी शिकवावं. आणि विमानापुरतं हे करून दवाखान्याला वगळलं, तर ते मला मान्य होणार नाही. इंदूरला २०१६ मध्ये एका सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड गेला आणि दोन मुलं दगावली. मेलबर्नच्या गाडीची आणि या नळीची चूक एकाच कुळीची आहे. फरक इतकाच की मेलबर्नला ती वेळीच कोणाच्या तरी नजरेस पडली.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. इथे टाकी एका राज्यात राहत नाही. कोल्हापूरला भरलेली टाकी निपाणीत उघडते, तिथली रिकामी टाकी बेळगावच्या टेम्पोतून परत येते, इथली एखादी गोव्याला जाते. टाकीच्या पत्र्याची आणि दाबाची देखरेख नागपूरच्या केंद्रीय स्फोटक खात्याकडे, आतल्या औषधाची त्या त्या राज्याच्या औषध प्रशासनाकडे. दोन राज्यांच्या दोन फायलींत अडकलेलं काम कसं पडून राहतं हे सीमाभागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणून मागणी नेमकी करू या. टाकीच्या नंबरावर तिचं भरणं, चाचणी आणि वापर एकाच ठिकाणी नोंदला जावा. बंगळूरच्या, मुंबईच्या आणि पणजीच्या अधिकाऱ्याला तीच नोंद दिसावी. आणि टाकी उघडणाऱ्या वॉर्डबॉयला किंवा हँगरमधल्या मदतनिसाला, त्याची भाषा कन्नड असो की मराठी, शेवटची चाचणी केव्हाची आणि आत काय आहे हे टाकीच्या खांद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं.